हा हातोडा आहे

डेन्मार्कमधील लोलान बेटावर क्यूबेलेव नावाच्या गावाजवळ २०१४ साली धातूचा एक छोटा हातोडा सापडला. दहाव्या शतकातला, ब्राँझचा, गळ्यात घालण्याजोगा. थॉर या देवाच्या हातोड्याची अशी सुमारे हजार पदके उत्तर युरोपात आजवर मिळाली आहेत आणि जवळजवळ सगळी मुकी आहेत. हा हातोडा मात्र बोलतो. त्याच्यावर रून लिपीत कोणीतरी बारीक अक्षरांत कोरले आहे, 'हा हातोडा आहे.' कोरणाऱ्याचे शुद्धलेखन यथातथाच होते. 'हमार' लिहिताना पहिला अकार त्याच्याकडून सुटला. तरीही अभ्यासकांचे काम झाले. ही पदके खरोखर हातोडेच आहेत की आणखी काही, याविषयी जी शंका होती ती या शब्दांनी मिटवली.

वाङ्मयाच्या अभ्यासकाला हे वाक्य सहज सोडून देता येत नाही. जी वस्तू डोळ्यांना दिसते आहे तिच्यावर तिचेच नाव कशाला कोरायचे? आकार इतका सोपा केलेला की नाव सांगितल्याशिवाय ओळखू येणार नाही, म्हणून असेल. नाव घेतल्याने वस्तूत बळ येते, अशा समजुतीनेही असेल. कारण कोणतेही असो, वस्तूविषयी त्या माणसाने जेवढे सांगितले तेवढे सांगून तो थांबला. पुढे काही जोडले नाही. आज त्याच हातोड्याच्या नव्या प्रतिकृती जगभर विकल्या जातात आणि त्यांच्यासोबत येणारी चिठ्ठी मात्र थांबायला तयार नसते. या लेखाचा विषय ती चिठ्ठी आहे. प्राचीन जर्मानिक ताइतांवरून घडवलेले दागिने, आणि त्यांच्याभोवती लिहिला जाणारा मजकूर.

हे मी लखनौमध्ये बसून लिहिते आहे, आणि विषय इथून वाटतो तितका दूर नाही. अमीनाबादच्या रस्त्यावर पोरांसाठी लॉकेटे विकणाऱ्याच्या एकाच मखमली तबकात ॐ, अल्लाह, क्रूस, खंडा आणि थॉरचा हातोडा शेजारीशेजारी लटकलेले दिसतात. हातोडा इथे मार्व्हलच्या २०११च्या सिनेमामुळे आला, हे उघड आहे. विकणाऱ्याला त्यात कसलीही विसंगती वाटत नाही, आणि त्याच्या बाजूने इतिहास उभा आहे. डेन्मार्कमधील ट्रेन्डगोर्डेन येथे दहाव्या शतकातला सोपस्टोनचा एक साचा मिळाला. त्या एकाच दगडात क्रूसही ओतता येतो आणि हातोडाही. ख्रिस्ती धर्म येत होता, जुने देव गेले नव्हते, आणि कारागीर दोन्ही गिऱ्हाइके सांभाळत होता. ताईत ही बाजाराबाहेरची पवित्र वस्तू होती आणि आज बाजाराने ती भ्रष्ट केली, असे म्हणणाऱ्याने हा साचा एकदा डोळ्यांसमोर आणावा.

तेव्हा बाजारावर राग काढण्यात अर्थ नाही. नकलेवर राग काढण्यातही नाही, आणि ते समजण्यासाठी हातोड्यापेक्षा पाच शतके मागे जावे लागते.

पाचव्या-सहाव्या शतकांत स्कँडिनेव्हिया आणि आसपासच्या जर्मानिक लोकांत सोन्याची एक प्रकारची पदके घातली जात. त्यांना ब्रॅक्टिएट म्हणतात. लॅटिनमध्ये ब्राक्टेआ म्हणजे ठोकून पातळ केलेला पत्रा. लखनौच्या चौकात ज्याला वर्ख म्हणतात त्याचाच तो जाड भाऊ समजावा. सोन्याचा पातळ पत्रा ठशावर ठेवून एका बाजूने ठोकायचा, म्हणजे समोर आकृती उठते आणि पाठीमागे तिचीच पोकळी राहते. मराठी घरातल्या देव्हाऱ्यातला चांदीचा टाक ज्याने उलटा करून पाहिला आहे त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. काठाला तार, वर नाकी, की पदक तयार. अशी सुमारे हजार ब्रॅक्टिएटे उपलब्ध आहेत.

ही पदके मुळात नकला आहेत. रोमन सम्राट आपल्या मर्जीतल्या परकीय सरदारांना सोन्याची मोठी पदके देत. ती उत्तरेकडे पोहोचली, गळ्यात गेली, आणि मग तिथल्या सोनारांनी त्यांच्यासारखी घडवायला घेतली. सुरुवातीच्या नकलांत सम्राटाचा मुखवटा ओळखू येतो. पुढे मुखवटा फुगत जातो, केसांची वेणी होते, धड नाहीसे होते, आणि डोक्याखाली शिंगे असलेला घोड्यासारखा एक प्राणी उभा राहतो. अक्षरांचे तर विचारूच नका. कडेने फिरणारी सम्राटाची लॅटिन बिरुदे ज्याला वाचता येत नव्हती त्याने ती चित्रासारखी उतरवली. नकलेची नकल होता होता ती उभ्या-आडव्या रेघांची वेल झाली. काही ठिकाणी तिच्या जागी रून लिपीतले शब्द आले. जटलंडमधील विंडेलेव येथे २०२० साली मिळालेल्या सोन्याच्या साठ्यात अशी ब्रॅक्टिएटे होती आणि ताईत म्हणून वापरलेली रोमन पदकेही होती, म्हणजे मूळ आणि नकल एकाच मडक्याच्या शेजाराने जमिनीत गेली. त्यातल्या एका ब्रॅक्टिएटवरचा मजकूर २०२३ साली उलगडला. त्यात कोणा एकाला ओडिनचा माणूस म्हटले आहे. ओडिन या देवाचा तोवर माहीत असलेला सर्वांत जुना लेखी उल्लेख यामुळे सुमारे दीडशे वर्षे मागे गेला. ज्या सोन्यावर एका देवाचे नाव पहिल्यांदा सापडते ते सोने घडवणारा सोनार दुसऱ्याच्या सम्राटाची नकल करत होता, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

मराठी वाचकाला ही प्रक्रिया परकी नाही. धाराशिव जिल्ह्यातले तेर, म्हणजे ग्रीक-रोमन व्यापाऱ्यांचे तगर. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात सातवाहन काळातल्या वस्तू आहेत. तेर, कोल्हापूर, भोकरदन अशा ठिकाणी रोमन नाण्यांच्या मातीच्या नकला मिळाल्या आहेत. तिबेरियस सम्राटाच्या नाण्याचा ठसा ओल्या मातीवर उठवायचा, भाजायचे, दोरा ओवायला भोक किंवा नाकी ठेवायची. उत्तरेकडच्या सोनाराने जे सोन्यात केले ते त्याच्या काही शतके आधी आपल्याकडच्या कुंभाराने मातीत केले होते, आणि दोघांची एकमेकांना गंधवार्ता नव्हती. ज्याला सोन्याचे नाणे परवडत नव्हते त्याने मातीचे घातले. ही नकल कोणाला फसवण्यासाठी नव्हती, कारण मातीला कोणी सोने समजत नाही.

मग पुतळ्यांची माळ घ्या. तिच्यातली मूळ नाणी व्हेनिसची, १२८४ पासून पाडली जाणारी सोन्याची डुकाट. एका बाजूला संत मार्कपुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा अधिपती आणि दुसऱ्या बाजूला बदामी प्रभावळीत उभा ख्रिस्त. ही नाणी व्यापारातून इथे आली, त्यांच्यावरच्या मानवी आकृतींमुळे पुतळ्या झाली, आणि मागणी वाढली तशी देशी ठशांवर पडू लागली. देशी ठशात संताचा झगा रेघांत विरघळला आणि लॅटिन अक्षरे काटक्या झाली. पुढे त्या जागी लक्ष्मी येऊन बसली. ज्या बायकांनी ही माळ पिढ्यान्‌पिढ्या घातली त्यांतल्या कोणीही ती वाचली नाही. त्यांना ती वाचायची नव्हतीच. लग्नात ती कोणी घातली, दुष्काळात कोणत्या सावकाराकडे ठेवली, कोणत्या वर्षी सोडवली, कोणत्या सुनेला गेली, हा त्या माळेचा खरा मजकूर होता आणि तो त्यांना तोंडपाठ होता.

बहुभाषिक नियतकालिकाच्या वाचकाला हे सगळे ओळखीचे वाटावे, कारण हे भाषांतराचेच वर्णन आहे. ब्रॅक्टिएट म्हणजे लॅटिन न येणाऱ्याने केलेले लॅटिनचे भाषांतर. पुतळी म्हणजे व्हेनिसचे मराठी भाषांतर. भाषा न येता भाषांतर केले तर आपण एरवी हसतो. पण इथे त्या न समजण्यातूनच काही तरी जिवंत निघाले. सोनाराने जे समजले नाही ते सोडून दिले, जे हवे होते ते घातले, आणि सम्राटाच्या जागी आपला देव बसवला. अशा नकलांना मूळ कृतीपेक्षा कमी लेखणारी समीक्षा मला मान्य नाही. म्हणूनच आजच्या प्रतिकृतींविषयी माझी तक्रार वेगळी आहे, आणि ती मांडण्याआधी ताईत ही वस्तू काम कशी करते ते पाहायला हवे.

त्यासाठी लखनौसारखे दुसरे शहर नाही. 'ताईत' हा आपला शब्द मूळ अरबी, इथल्या 'तावीज'चा सख्खा भाऊ. मराठीने त्याला इतके आपले केले की लाडक्या माणसाला आपण गळ्यातला ताईत म्हणतो आणि त्यात कोणाला परकेपणा जाणवत नाही. तावीज म्हणजे मुळात एक मजकूर. कागदावर आयत किंवा अंकांचा चौकोन लिहायचा, घडी घालायची, मेणकापडात शिवायची किंवा चांदीच्या पेटीत बंद करायची. तो गळ्यात राहतो आणि वाचला जात नाही. उघडून वाचणे म्हणजे त्याचा भंग. लिहिणाऱ्याने लिहिले, घालणाऱ्याने विश्वासाने घातले, आणि दोघांच्या मधला मजकूर झाकलेला राहिला. वाचकाविना चालणारे लेखन आपल्या समीक्षेच्या कोणत्याही चौकटीत बसत नाही, पण जगातल्या लेखनाचा एक मोठा भाग असाच आहे.

इथली दुसरी वस्तू इमाम ज़ामिन. प्रवासाला निघणाऱ्याच्या किंवा नवऱ्या मुलीच्या दंडावर घरातले वडीलधारे कापडात गुंडाळलेले नाणे बांधतात. आठवे इमाम अली रज़ा यांच्या जामिनीवर माणूस निघाला, असा त्याचा अर्थ. खलीफा मामूनने इमाम रज़ा यांना ८१७ साली आपला वारस नेमले आणि त्यांच्या नावाची नाणी पडली. ते नाणे जवळ असलेला प्रवासी सुखरूप राहतो या समजुतीतून ही रीत आली, असे एक प्रचलित स्पष्टीकरण आहे. म्हणजे इथेही नाण्याचाच ताईत झाला. पण मला त्यातला शेवट सर्वांत सुंदर वाटतो. माणूस सुखरूप पोहोचला की ते नाणे सोडायचे आणि गरजूला द्यायचे. बांधणारा दुसरा, सोडण्याची वेळ ठरलेली, आणि नाणे तिसऱ्याच्या हातात. आता लग्नसराईत गोटा-किनार लावलेले, मोती जडवलेले तयार इमाम ज़ामिन दुकानांत मिळतात. जुन्या लोकांना ते भपकेबाज वाटतात. मला त्यांत फारसे काही बिघडलेले दिसत नाही. आत नाणे आहे, बांधायला मावशी आहे, आणि दानाची रीत शाबूत आहे, तोवर वरचे कापड कितीही चमकले तरी चालेल.

आता जर्मानिक प्रतिकृतीकडे वळू. ती बहुतेक वेळा माणूस स्वतःसाठी विकत घेतो. बांधणारे कोणी नसते, सोडायची वेळ नसते, देणे नसते. ही सगळी रिकामी जागा भरायला चिठ्ठी येते. हे चिन्ह सामर्थ्याचे, हे समृद्धीचे, हे तुमच्या आतल्या योद्ध्याला जागे करणारे. हजारो वर्षांपूर्वी आमचे पूर्वज हे घालत. ज्या वस्तूचे सामर्थ्य झाकलेल्या किंवा न समजणाऱ्या अक्षरांत होते तिचा अर्थ चार ओळींत उलगडून हातावर ठेवला जातो, औषधाच्या बाटलीवरच्या मात्रेसारखा. आणि हा अर्थ पुष्कळदा खोटा असतो.

उदाहरणे द्यायला हवीत. 'व्हायकिंग होकायंत्र' म्हणून विकले जाणारे वेगव्हीसिर हे आठ फाट्यांचे चिन्ह घ्या. वादळातही वाट चुकू न देणारे चिन्ह म्हणून ते आइसलँडमधल्या हुल्द नावाच्या हस्तलिखितात येते, आणि ते हस्तलिखित १८६० सालचे आहे. म्हणजे व्हायकिंग काळ संपून आठशे वर्षे झाल्यावरचे. आपल्याकडे १८५७चा उठाव होऊन तीन वर्षे लोटली होती आणि लखनौची रेसिडेन्सी पडकी उभी होती. रून अक्षरांच्या भविष्यकथन-संचात एक कोरे रून असते आणि त्यावर नियतीविषयी गंभीर परिच्छेद लिहिलेले असतात. ते कोरे रून १९८२ साली राल्फ ब्लम यांच्या पुस्तकाबरोबर अवतरले. प्रत्येक रूनला एकेक गूढ शक्ती चिकटवण्याच्या आजच्या चालीमागे व्हिएन्नाच्या गुइडो फॉन लिस्ट यांचे १९०८चे पुस्तक आहे. त्यांनी अठरा रूनांची एक माळ स्वतःच रचली आणि ती आदिम जर्मन ज्ञान म्हणून पुढे केली.

लिस्ट यांचे नाव आले की विषय दागिन्यांपुरता राहत नाही. त्यांच्यासारख्यांनी घडवलेल्या कल्पित प्राचीनतेचा पुढे काय उपयोग झाला हे जगाने पाहिले. हिमलरच्या एसएस संघटनेने रून आपल्या गणवेशावर घेतले आणि १९३५ साली 'आननएर्बे' ही संस्था काढून पूर्वजांच्या वारशाचे संशोधन वंशद्वेषाच्या कामाला जुंपले. या सगळ्याच्या मध्यभागी असलेले चिन्ह आपल्या उंबरठ्यावर रांगोळीत काढले जाते. लखनौच्या राज्य संग्रहालयात मथुरेच्या कंकाली टीला येथून आलेले कुशाणकालीन जैन आयागपट आहेत, त्यांतल्या एकावर मोठे, डौलदार स्वस्तिक आहे. जर्मानिक ब्रॅक्टिएटांवरही स्वस्तिक अनेकदा येते. दोन्ही ठिकाणी ते शुभ किंवा रक्षक असावे. आणि तरीही आज जर्मनीत नाझींचे स्वस्तिक जाहीरपणे मिरवणे कायद्याने गुन्हा आहे. भारतीय वाचक यावर पटकन म्हणतो की आमचे स्वस्तिक वेगळे, त्याला दोष देऊ नका. बरोबर आहे. पण मग त्याच न्यायाने हेही मान्य करावे लागते की चिन्हाचा अर्थ आकारात साठवलेला नसतो. तो वापरणाऱ्यांच्या हातून गेलेला असतो, आणि त्यांतले काही हात रक्ताने भरलेले होते. 'आमच्या पूर्वजांचे पवित्र चिन्ह' एवढेच लिहिणारी चिठ्ठी १९३० आणि १९४०ची दशके गिळून टाकते. ती न सांगणे हे निष्पाप मौन नाही.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. हातोडा घालणारा प्रत्येक जण सिनेमाचा चाहता किंवा वंशद्वेष्टा नसतो. आइसलँडमध्ये जुन्या देवांना मानणाऱ्यांची संघटना १९७२ साली स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी तिला सरकारी मान्यता मिळाली. अमेरिकेत शहीद सैनिकांच्या थडग्यांवर कोरता येणाऱ्या धर्मचिन्हांच्या यादीत २०१३ साली थॉरचा हातोडा आला. ज्याच्या मुलाच्या थडग्यावर तो कोरलेला आहे त्याला तो नवा आहे की जुना हे विचारणे असभ्यपणाचे होईल. श्रद्धा तरुण असू शकते. तिने स्वतःचे वय खरे सांगावे, इतकेच.

आणि प्रतिकृतीचे उपकारही आहेत. रून वर्णमाला जवळजवळ पूर्ण लिहिलेले वाड्स्टेना येथील ब्रॅक्टिएट १७७४ साली स्वीडनमध्ये सापडले. १९३८ साली ते स्टॉकहोमच्या संग्रहालयातून चोरीला गेले आणि आजवर परत मिळालेले नाही. आज आपण जे पाहतो ते त्याचे चित्र किंवा त्याची नकल. गालेहुसच्या सोन्याच्या दोन शिंगांची कथा तर भारतापर्यंत येते. ही शिंगे सुमारे इसवी सन ४००ची. एक १६३९ साली मिळाले, दुसरे १७३४ साली. ४ मे १८०२ रोजी कोपनहेगनच्या राजसंग्रहातून नील्स हाइडनराइख या सोनाराने ती चोरली आणि वितळवली. डेन्मार्कच्या ताब्यात तेव्हा तामिळ किनाऱ्यावरचे तरंगमबाडी होते, त्यामुळे देवाची आकृती असलेले दक्षिण भारतीय होन, ज्यांना युरोपीय पगोडा म्हणत, कोपनहेगनला माहीत होते. या गृहस्थाने पितळ मिसळून खोटे पगोडे पाडले, ते विकायला गेला, आणि तिथेच दुसऱ्या सोनाराला संशय आला. पुढच्या वर्षी तो पकडला गेला. जर्मानिक सोने गेले आणि आज डॅनिश मुलांना दाखवली जाणारी शिंगे जुन्या रेखाटनांवरून घडवलेल्या प्रतिकृती आहेत. या एका गोष्टीत दोन नकला आहेत. एक दुसऱ्याच्या देवाचे नाणे म्हणून फसवणारी, आणि एक 'मी नकल आहे, मूळ वितळले' असे सांगणारी. दोघींना एकाच शब्दाने हाक मारणे भाषेला परवडणारे नाही.

मराठी घरात असा भेद न शिकवता कळतो. लहान मुलाच्या गळ्यात सोन्यात मढवलेले वाघनख घालायची आपली जुनी रीत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर खरे नख विकणे-घेणे गुन्हा झाला. सोनारांनी नकली नखे मढवायला घेतली. आजीला ते नकली आहे हे पक्के माहीत असते, ती तरीही ते बाळाच्या गळ्यात घालते, आणि दृष्ट काढल्याइतक्याच मनापासून घालते. वाघ वाचला, रीत राहिली, आणि कोणी कोणाला फसवले नाही. इथे नकल मूळ वस्तूपेक्षा नीतीने वरचढ आहे. कारण देणारी आजी तीच आहे आणि वस्तूविषयी खोटे कोणी बोललेले नाही.

राहिला कारागीर, आणि त्याच्याविषयी चिठ्ठीत कधीच काही नसते. युरोप-अमेरिकेतल्या व्हायकिंग जत्रांत विकल्या जाणाऱ्या पिण्याच्या शिंगांचा, ढालींचा, शिरस्त्राणांचा बराचसा माल भारतात घडतो. उत्तर प्रदेशातच मुरादाबादला पितळेचे ओतकाम आहे आणि संभलला शिंगकामाची परंपरा आहे. ही दोन्ही कामे राज्य सरकारच्या 'एक जिल्हा एक उत्पादन' या योजनेच्या यादीत मिरवतात. इथल्या ओताऱ्याच्या हातून गेलेली वस्तू तिकडच्या दुकानात 'नॉर्डिक वारसा' होते. त्याने पाहिले आहे ते एक छायाचित्र, आणि त्याला रून वाचता येत नाही, जसे पाचव्या शतकातल्या सोनाराला लॅटिन वाचता येत नव्हते. खरे पाहता ब्रॅक्टिएटच्या परंपरेचा आजचा वारस तोच आहे. परदेशी सम्राटाची अक्षरे काळजीपूर्वक, न समजता, पोटासाठी उतरवणारा. फरक इतकाच की त्या सोनाराला बदल करायची मुभा होती. याला ती नाही. शिंगाच्या बुडाशी एखादे फूल काढावेसे वाटले तर माल परत येईल.

गालेहुसच्या धाकट्या शिंगावर एक कोरीव ओळ होती, ती रेखाटनामुळे वाचली. जर्मानिक भाषांतल्या सर्वांत जुन्या पूर्ण वाक्यांपैकी ते एक मानले जाते. त्यात ना आशीर्वाद आहे, ना सामर्थ्य, ना पूर्वज. घडवणारा, किंवा घडवून घेणारा, ह्लेवागस्तिझ नावाचा माणूस आपले नाव सांगतो आणि हे शिंग मी केले एवढेच म्हणतो. ज्या भाषाकुळाच्या नावाने आज एवढे गूढ विकले जाते त्याच्या उंबरठ्यावर एका कामाची सही आहे.

चांगल्या भाषांतराकडून आपण जे मागतो तेच मी प्रतिकृतीकडून मागते. मूळ कृती कोणती, कोणत्या भाषेतून आली, भाषांतर कोणाचे, कोणत्या वर्षीचे. ही माहिती नसलेले पुस्तक आपण संशयाने हातात घेतो. मग गळ्यात घालायच्या वस्तूला सवलत कशासाठी? चिठ्ठी लिहायचीच असेल तर ती अशी लिहिता येईल: हा हातोडा आहे. पितळेचा आहे, वर चांदीचे पाणी आहे. डेन्मार्कमध्ये सापडलेल्या दहाव्या शतकातल्या पदकावरून केला आहे, मूळ वस्तू कोपनहेगनच्या संग्रहालयात आहे. या खुणा मधल्या काळात कोणी कशासाठी वापरल्या ते विचारून घ्या. आणि खाली मुरादाबादच्या त्या ओताऱ्याचे नाव.